जुमेरात बाजारातला पंखा

मालनबाईंनी गाडीत बसणं सोडलं ते आबिड्सच्या चौकात. सोडलं म्हणजे अगदी तिथल्या तिथे सोडलं. दार उघडून त्या उतरल्या, नव्या साडीचा पदर सावरला आणि समोर उभ्या असलेल्या बसमध्ये चढून घरी गेल्या. हणमंतराव त्या वेळी बोनेट उघडून वाफेच्या ढगात उभे होते. बायको पाणी आणायला गेली असेल अशा समजुतीने त्यांनी वीस मिनिटं वाट पाहिली.

हे गणपतीच्या दिवसांतलं. त्यानंतर आठ महिने त्या गाडीकडे बघायच्या, पण वाड्यातल्या तुळशीकडे बघावं तशा नव्हे. वरच्या भाडेकरूचं कुत्रं जिन्यात झोपलेलं असावं, तशा बघायच्या आणि वळसा घालून बसस्टॉपकडे जायच्या.

गाडी करड्या रंगाची होती. कोणत्या कंपनीची, हे बोनेटवरच्या अक्षरांवरून कळलं असतं. पण आठ अक्षरांपैकी दोनच शिल्लक होती आणि त्यांच्यावरून काहीही वाचता येत असे. हणमंतरावांनी ती एका निवृत्त प्राध्यापकाकडून घेतली होती. हणमंतराव स्वतः भूमापन खात्यात अधीक्षक. अख्ख्या जिल्ह्याची शेतं, बांध, नाले कागदावर काटेकोर उतरवणारा माणूस. अशा माणसाची गाडी रस्त्यात कुठेही, कोणतंही प्रमाण न पाळता उकळावी, ही गोष्ट त्यांच्या जिव्हारी लागे.

खरं तर गाडीत खोट अशी नव्हती. ती जुन्या जमान्याची होती, एवढंच. तिचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरायचा. इंजिन जोरात तर पंखा जोरात, इंजिन मंद तर पंखा मंद. गाडी चालती राहिली की थंड, गर्दीत उभी राहिली की तापली. आणि पूर्वी ती उभी राहायची वेळ येतच नसे. चिक्कडपल्लीहून ऑफिसला जाताना वाटेत दोनदा थांबावं लागायचं, त्यातलं एकदा म्हशींसाठी. मग दिल्लीत कोणीतरी देशाचं कुलूप काढलं. वर्तमानपत्रांत अग्रलेख आले, टीव्हीवर चर्चा झाल्या, आणि चिक्कडपल्लीच्या गल्लीत एकामागून एक नव्या, गुळगुळीत, साबणाच्या वडीसारख्या गाड्या येऊन उभ्या राहिल्या. ऑफिसपर्यंत अकरा ठिकाणी थांबावं लागायला लागलं. उदारीकरणावर हणमंतरावांचं जे काही मत होतं, ते एवढ्या एका बाबीपुरतं होतं, पण ठाम होतं.

एप्रिल चौऱ्याण्णवमध्ये मालनबाईंच्या निवृत्तीचं पत्र आलं. काचीगुड्याच्या मराठी शाळेत त्यांनी एकतीस वर्षं शिकवलं होतं. तीस तारखेला, शनिवारी, निरोपाचा समारंभ ठरला.

"मी येतो घ्यायला," हणमंतराव जेवताना म्हणाले. "गाडीने."

मालनबाईंनी ताटात भात वाढला, वरण वाढलं आणि म्हणाल्या, "एकतीस वर्षं बसने गेले. शेवटच्या दिवशी सगळ्यांदेखत पुन्हा गाडीतून उतरून बसमध्ये चढायला लावू नका, म्हणजे झालं."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या सांगत होत्या. 

दुसऱ्या दिवशी त्यांनी हा विषय एकनाथरावांपुढे मांडला. एकनाथराव शेजारी राहत. कोर्टात शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी आयुष्यात सायकलसुद्धा चालवली नव्हती, त्यामुळे वाहनांविषयी त्यांचं मत कोणत्याही अनुभवाने दूषित झालेलं नव्हतं.

"या नव्या गाड्यांना विजेचा पंखा असतो की," एकनाथराव म्हणाले. "इंजिन मंद असो की जोरात, त्याला काय. गाडी तापली की आपोआप सुरू होतो. तसा एक बसवून टाका."

"नवा पंखा जुन्या गाडीला बसेल?"

"नवा कशाला? नव्या गाड्या रोज कुठे ना कुठे आपटतातच. त्यातला सुटा करून घ्यायचा. गुरुवारी चला माझ्यासंगं."

गुरुवारी दोघं जुमेरात बाजारात गेले. अफझलगंजच्या पलीकडे दर गुरुवारी हा बाजार भरतो. तिथे चावी नसलेली कुलपं, कुलूप नसलेल्या चाव्या, अर्धा ग्रामोफोन, डाव्या पायाचे बूट असं सगळं जमिनीवर मांडलेलं असतं. एका चादरीवर मोटारींचे अवयव होते आणि त्यात चार पात्यांचा एक काळा पंखा, एका बाजूने किंचित पोचा आलेला. विकणाऱ्याने शेजारच्या बॅटरीला तारा लावल्या. पंखा असा काही सुटला, की एकनाथरावांची टोपी उडून तीन दुकानं पलीकडे चिनी मातीच्या बरण्यांत जाऊन पडली. टोपी शोधून आणेपर्यंत हणमंतरावांचा निर्णय झालेला होता.

बसवण्याचं काम खाजामियाँकडे गेलं. अफझलगंजच्या मागच्या गल्लीत त्यांची शेड होती. खाजामियाँ साठीचे, मेंदी लावलेल्या दाढीचे, अत्यंत सभ्य मेकॅनिक. त्यांनी पंखा हातात फिरवून पाहिला, बोनेट उघडलं, पंखा आत धरून पाहिला आणि खेदाने मान हलवली.

"जगा नहीं है साब. पुराना पंखा निकालना पडता."

"निकालो," हणमंतराव म्हणाले. इतक्या वर्षांची सोबत त्यांनी एका शब्दात तोडली, याचं त्यांना नंतर आश्चर्य वाटलं.

चार दिवस काम चाललं. पंखा धरून ठेवायला पट्ट्या लागत होत्या. त्या एका मोडक्या लोखंडी पलंगाच्या निघाल्या. तापमान ओळखून पंखा चालू करणारं बटण वेगळ्याच गाडीचं मिळालं. हणमंतराव रोज ऑफिस सुटलं की शेडमध्ये जाऊन स्टुलावर बसत आणि मोजमापाच्या सूचना करत. खाजामियाँ प्रत्येक सूचना लक्षपूर्वक ऐकून घेत आणि "हौ साब" म्हणून आपल्याला हवं तेच करत.

पाचव्या दिवशी चाचणी झाली. इंजिन सुरू करून गाडी शेडपुढे उभी ठेवली. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा चढत चढत निम्म्यावर आला. तेवढ्यात आतून घुंई असा आवाज झाला, पंखा सुरू झाला आणि काटा तिथेच थांबला. अर्धा तास गाडी जागच्या जागी धडधडत उभी होती आणि काटा जागचा हलला नाही. आजूबाजूच्या दुकानांतले लोक काटा बघून गेले. खाजामियाँनी सर्वांना चहा पाजला. घरी येताना संध्याकाळच्या गर्दीत हणमंतराव सतरा ठिकाणी अडकले आणि सतराही ठिकाणी त्यांना आनंद झाला.

आनंदाला एक छोटंसं गालबोट लागलं. पंखा बॅटरीला थेट जोडलेला होता. गाडी बंद करून, कुलूप लावून हणमंतराव जिना चढले तरी तो खाली एकटाच फिरत राहिला. गल्लीत ओट्यांवर आडवी झालेली माणसं उठून बसली. रिकाम्या, कुलूपबंद गाडीतून आवाज येतो म्हटल्यावर कोणी लिंबू-मिरची बांधायला सुचवलं, कोणी पोलिसांना कळवायला. दहा मिनिटांत इंजिन निवलं की पंखा आपण होऊन थांबे, पण तेवढ्यात बॅटरीचा जीव जाई. सकाळी गाडी ढकलून सुरू करावी लागे. ढकलणारे शेजारी होते, आणि ढकलणारा माणूस मागून बोलत राहतो. ती सोय असल्यामुळेच बहुधा रोज चार जण हौसेने जमत.

"नवं मन जुन्या शरीरात घातलंत तुम्ही," एकनाथराव मागून ढकलत म्हणाले. "थोडं असं होणारच."

आता राहिलं होतं गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण. त्याची मुदतही एप्रिलअखेरच होती. दुसरा कोणी असता तर गाडी नेऊन, दाखवून, शिक्का घेऊन आला असता. पण हणमंतराव सरकारी माणूस. आपल्या गाडीत मूळ नकाशाहून वेगळं काही बसवलं आहे, हे शासनाला कळवणं त्यांना आपलं कर्तव्य वाटलं. एकनाथरावांनी अर्ज लिहून दिला, नऊ कलमांचा. त्यातलं चौथं कलम असं होतं, की सदर पंखा हा वाहनाच्या गतीस कारणीभूत नसून केवळ शीतलतेस कारणीभूत आहे.

शुक्रवारी, एकोणतीस तारखेला, आरटीओच्या खिडकीतल्या माणसाने तो अर्ज दोनदा वाचला. त्याला वाटलं, पंखा प्रवाशांना वारा घालायला लावला आहे. त्याने वातानुकूलित गाड्यांच्या खिडकीकडे पाठवलं. तिथल्या बाईंनी सांगितलं की हा इंजिनाचा पंखा, म्हणजे सुटा भाग, म्हणजे त्याचं बिल पाहिजे. जुमेरात बाजारात बिल मागणाऱ्याला पाणी पाजून सावलीत बसवतात, हे त्यांना कसं सांगणार? मग बिल नसल्याचं शपथपत्र. शपथपत्रावर पंख्याचं वर्णन. वर्णनात पात्यांची संख्या. ती मोजायला हणमंतराव दोनदा उन्हात गाडीपर्यंत जाऊन आले, कारण दुसऱ्यांदा विचारणाऱ्याला पाती डावीकडे वळलेली की उजवीकडे, तेही हवं होतं.

हे सगळं होईपर्यंत गाडी तपासणीच्या रांगेत तीन तास उभी होती, आणि पुन्हा ढकलायला माणसं कुठून आणा म्हणून हणमंतरावांनी इंजिन बंदच केलं नव्हतं. शेवटी तपासणी अधिकारी आले. शांत, छत्री घेतलेले गृहस्थ. त्यांनी बोनेट उघडायला लावलं, काट्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं.

"तीन तासांपासून चालू आहे?" त्यांनी तेलुगू वळणाच्या हिंदीत विचारलं.

"हो, साहेब."

"एप्रिलच्या उन्हात?"

"हो, साहेब."

त्यांनी निमूटपणे सही केली आणि मेकॅनिकचा पत्ता वहीत लिहून घेतला. त्यांचीही गाडी जुनी होती.

हणमंतराव टँकबंडवरून घरी निघाले. दुपारची वेळ, रस्ता मोकळा, डाव्या हाताला हुसेनसागरचं पाणी. पंखा बसवल्यापासून असा मोकळा रस्ता त्यांना पहिल्यांदाच मिळत होता. त्यांनी वेग वाढवला. तीस. चाळीस. पंचेचाळीस. आणि काटा उठला, निम्मा ओलांडून पुढे गेला, आणि बोनेटच्या फटींतून जुनी, ओळखीची वाफ आली.

ते थांबले. काय करावं ते सुचेना. पण पाच मिनिटांत, इंजिन चालू असताना, काहीही न करता काटा आपोआप खाली आला. ते निघाले, काटा चढला. थांबले, काटा उतरला. तो एवढासा बंधारा पार करायला त्यांना तास लागला. बंधाऱ्यावर ओळीने उभे असलेले थोर पुरुषांचे पुतळे त्यांनी इतक्या निवांतपणे कधीच पाहिले नव्हते. आजवर ज्या गाडीला थांबणं सोसत नव्हतं, तिला आता चालणं सोसेना.

गाडी कशीबशी घरी लावून ते रिक्षा करून थेट अफझलगंजला गेले. शेडला कुलूप होतं. खाजामियाँ गुलबर्ग्याच्या दर्ग्याला गेले होते, रविवारी येणार होते.

"उभी असताना थंड राहते ना?" एकनाथराव सगळं ऐकून म्हणाले. "मग उद्या उभीच ठेवा."

संध्याकाळी हणमंतरावांनी गाडी गल्लीत काढली, मांडीवर आलेखाचा कागद घेतला आणि वेग विरुद्ध तापमान असा आलेख काढला. भूमापन खात्यातला इतका निर्दोष आलेख आजवर कोणी काढला नसेल. त्याचा निष्कर्ष असा होता, की ताशी पाच किलोमीटरपर्यंत गाडी सुरक्षित आहे. पाच किलोमीटर म्हणजे माणूस जरा घाईत असला की चालतो, तो वेग.

त्यांनी मनाशी ठरवलं. जायचं, समारंभाला बसायचं, आणि नंतर बाजूला घेऊन मालनला खरं काय ते सांगून रिक्षात बसवायचं. बस तरी नको.

शनिवारी ते तीन किलोमीटरसाठी सव्वा तास आधी निघाले. वाटेत एका आजोबांनी त्यांना चालत ओलांडलं आणि वळून सहानुभूतीने पाहिलं. शाळेत पोचले तेव्हा काटा निम्म्यावर होता.

समारंभ साधा झाला. शाळेत आता मुलं कमीच उरली होती, पण जुन्या विद्यार्थिनी आल्या होत्या. दीपाली नावाची एक, बँकेत नोकरी करणारी, दोन मुलांची आई, भाषण करायला उठली आणि म्हणाली, "बाईंनी मला मराठी वाचायला शिकवलं. माझ्या पोरांना येत नाही. ते माझंच चुकलं, बाईंचं नाही." एवढं बोलून ती बसली. मालनबाई चष्मा पुसत होत्या. हणमंतरावांनी खाली बघितलं.

समारंभ संपल्यावर ते बायकोला गाठायला पुढे सरकले, पण बायकांच्या गराड्यात शिरता येईना. आणि फाटकाबाहेर येऊन बघतात तर गाडी ओळखू येत नव्हती. मुलींनी तिला झेंडूच्या आणि गुलाबाच्या माळा घातल्या होत्या. पुढची जाळी फुलांनी गच्च भरली होती. बोनेटवरच्या दोन अक्षरांनाही एक एक गजरा होता.

"अगं, जरा ऐक," हणमंतराव म्हणाले.

"नंतर," मालनबाई म्हणाल्या. त्या गाडीकडे बघत होत्या. मग त्यांनी स्वतःच्या हाताने दार उघडलं आणि आत बसल्या. सगळ्यांदेखत.

आता रिक्षाचं नाव काढणं शक्य नव्हतं. हणमंतरावांनी गाडी सुरू केली, पहिला गिअर टाकला आणि आलेखाप्रमाणे निघाले.

दीपाली खिडकीजवळून चालत होती. निरोप देऊन ती मागे थांबणार होती. पण गाडी पुढे जाईचना, तेव्हा ती चालतच राहिली. तिच्यामागे दुसरी आली. मग शाळेतल्या मुली. "बाई, आम्ही चौकापर्यंत येतो," असं म्हणत सगळ्याच निघाल्या, आणि चौक आला तरी कोणी परत फिरेना, कारण गाडीबरोबर चालणं सहज जमत होतं. बोलता येत होतं, खिडकीतून हात धरता येत होता.

काटा निम्म्याच्या जरा वर आला आणि पंखा सुरू झाला. त्याच क्षणी जाळीतल्या पाकळ्या उडाल्या. आत ओढल्या गेल्या नाहीत, बाहेर उडाल्या. गाडीच्या पुढून केशरी, लाल पाकळ्यांची धार निघाली आणि रस्त्यावर पसरत चालली. मुलींनी टाळ्या वाजवल्या. गाडीची ती खास व्यवस्था आहे असा सर्वांचा समज झाला.

हणमंतरावांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पंखा उलटा फिरत होता. बाहेरची हवा आत ओढायच्या ऐवजी तो आतली हवा पुढे फेकत होता. गाडी उभी असली की तेवढ्यावर भागायचं. वेगात निघाली की समोरून येणारा वारा आणि पंख्याचा वारा यांची रेडिएटरवरच झुंज लागायची. तीन खिडक्या, नऊ कलमं, पात्यांची दिशा शपथेवर लिहून दिलेली, आणि वारा कुठे जातो हे एकाही माणसाने पाहिलं नव्हतं. त्यांनी स्वतःसुद्धा.

आता करण्यासारखं काही नव्हतं. ते पाचच्या वेगाने जात राहिले.

काचीगुड्याच्या चौकात वाहतूक पोलिसाने फुलं उधळत येणारी गाडी आणि मागची गर्दी पाहिली. आपल्याला कसं कळवलं नाही, असे भाव त्याच्या चेहऱ्यावर आले, आणि त्याने चारही बाजूंची वाहनं थांबवली. गाडी संथपणे जात राहिली तसे दुकानांतून लोक बघायला येऊ लागले. औषधाच्या दुकानातला माणूस काउंटरखालून वाकून बाहेर आला. "बाई, मी सुधीर. पंच्याहत्तरची बॅच." शिलाईच्या दुकानातून एक बाई हातात कात्री घेऊनच आल्या. त्या मराठी नव्हत्या, पण त्यांच्या मुलीला मालनबाईंनी गणित शिकवलं होतं. "टीचरम्मा," म्हणत त्यांनी खिडकीतून हात जोडले आणि कात्रीसकट चार पावलं बरोबर चालल्या. मालनबाई प्रत्येकाचं नाव घेत होत्या. एकाचंही चुकलं नाही.

घर आलं तेव्हा जाळीत फुलाचं नाव उरलं नव्हतं.

सगळे चहा घेऊन गेल्यावर हणमंतराव खुर्चीत बसले. अंगातला शर्ट घामाने भिजला होता.

"तुला सांगायचं होतं," ते म्हणाले. "मी हळू आणली ते काही सन्मान म्हणून नाही. पंखा उलटा फिरतोय. पाचच्या वर गेलो असतो तर मध्येच उकळली असती."

मालनबाई हार सोडवून खुंटीला अडकवत होत्या.

"काटा माझ्याही समोरच होता," त्या म्हणाल्या. "तुम्ही रस्त्याकडे कमी आणि त्याच्याकडे जास्त बघत होतात."

"मग बोलली नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही घाई केली असती."

रविवारी सकाळी, शेडपाशी ठेवलेला निरोप मिळताच, खाजामियाँ घरी आले. सगळं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला, बोनेट उघडलं, दोन तारा सोडल्या आणि एकमेकींच्या जागी लावल्या. चहा उकळायच्या आत काम झालं.

"पुरानी गाडी है ना साब," ते ओशाळून म्हणाले. "नये गाडी में जिसकू मायनस बोलते, इसमें वो प्लस रहता. मेरे ध्यानच में नहीं आया. माफ करो."

वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू सुनीताबाई हे ऐकत होत्या. त्यांनी कठड्यावरून वाकून विचारलं, "म्हणजे आता गाडीच्या पुढून गरम वारा नाही का येणार? मी आठवडाभर माझ्या कुरडया वाळवतेय तिथे."

हणमंतराव वर बघून काहीतरी बोलणार होते, पण मालनबाई तयार होऊन खाली आल्या होत्या. हातात डबा होता.

"गंडीपेटच्या तलावावर जाऊन येऊ," त्या म्हणाल्या. "फार वर्षं झाली."

गाव मागे पडलं, रस्ता मोकळा झाला. हणमंतरावांनी वेग वाढवला. चाळीस. पन्नास. काटा निम्म्याच्याही खाली होता. नव्या गाड्या शेजारून सुळकन निघून जात होत्या, आणि त्यांतल्या एकाही माणसाने या करड्या गाडीकडे मान वळवून पाहिलं नाही. हणमंतरावांना त्याचं जरासं वाईट वाटलं. मग मालनबाईंनी खिडकीची काच पुरती खाली केली, चप्पल काढून पाय वर घेतले आणि डबा उघडला.